जावेच्या थुंकीतली साखर

शुगर आमच्या घरात दोघींले, मले अन् माह्या धाकट्या जावेले. पण इंजिनेरीले गेली ते तिची पोरगी. माही बारावीतच आपटली. दिवाळीत पुतणी कारंज्याच्या बसमधून उतरली, अन् मायसाठी काय आणलं, त थुंकीवरून शुगर सांगणारी मशीन! तिच्याच कालेजात बनून राह्यली होती. पट्टीवर थुंकी लावायची. तिच्यातली साखर पट्टीवरच्या औषधाले भिडली की बारीकसा करंट निघते, तो मोजून मोबाईलवर आकडा येते. बोट टोचायचं कामच नाही.

"मोठी आई, पट्ट्या मोजक्याच हायेत. पयले मायवर पाहू," ती म्हणे. इथं टोचून टोचून माह्या बोटांची चाळणी झाली, अन् मी नुसती पाहत बसू? माह्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी पुतणीनं मायले विचारलं, "काही खाल्लं त नाही ना?"

"नाही वं."

खोटं नव्हतं ते. पण घडीभर आधीच आमी दोघी गोठ्यामागं गुडाखू घासून आलो होतो. गूळ-तमाखूचा तो काळा लगदा, लग्नापासूनची आमची चोरी. दाताले घासणं म्हणजे खाणं थोडंच?

आकडा भलताच मोठा आला. पुतणीचा चेहरा उतरला. मले तेव्हाच समजलं, गूळ बोलून राह्यला. तरी मी गप बसली. म्हटलं, होऊ दे मायलेकीची फजिती.

"मशीन अजून कच्ची हाय, बोट टोचून पाहू, गोळ्या वाढवू नको," पुतणीनं बजावलं. जावेनं बोट देलं नाही. आकड्याले भ्यायली, जेवली नाही, अन् कोणाले न सांगता दोन गोळ्या गिळल्या. दुपारी मेथी खुडता खुडता घामानं थबथबली, हातपाय लटलट कापाले लागले, वाफ्यातच बसली. शुगर उतरली हे मी ओळखलं, पळत जाऊन साखर आणली, पाण्यात कालवून तिले पाजली. मले रडू आवरेना.

जराशी सावरली, तशी माहा हात धरून हळूच म्हणे, "बाई, पोरीसमोर तुमी गुडाखूचं नाव काढलं नाही. माही लाज राखली तुमी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मले. तेवढ्यात पुतणी धावत आली, अन् मी तिले सगळं सांगून टाकलं. "तुही मशीन चुकली नाही बाई. तुही माय गुडाखू घासते. मी बी घासतो."

जाऊ आजही चारचौघीत म्हणते, "ही माह्या पोरीवर जळे, म्हणून चुगली केली."

आता तिले कसं सांगू? जळत होती, तोवर त मी गपच होती.