दहा टक्के युरिया

यमुनाबाई भेटल्या की नमस्कार करत नसत. समोरच्याचा हात हातात घेत, मनगटाच्या जरा वरची कातडी चिमटीत धरत, सोडत आणि ती जागेवर परत बसेपर्यंत पाहत राहत. एसटीचा कंडक्टर असो, ग्रामसेवक असो की पुतणीला बघायला आलेला मुलगा असो, कोणी सुटत नसे. कातडी पटकन बसली तर म्हणत, "पाणी हाय." मगच पुढचं बोलणं सुरू होई. नाही बसली तर आधी तांब्या पुढे येई. साखरशेतच्या अंगणवाडीत हगवणीने सुकलेली पोरं तपासता तपासता ही सवय त्यांच्या बोटांना लागली होती आणि निवृत्त झाल्यावरही सुटली नाही.

माझ्या यजमानांची शाळेवर बदली झाली तेव्हा आम्ही साखरशेतला राहायला गेलो. मुलगी, मधुरा, आठ महिन्यांची होती. दुसऱ्याच दिवशी बाई दारात उभ्या. काळ्यासावळ्या, उंच, काठापदराची साडी घोट्याच्या वर नेसलेली. त्यांनी मधुराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, मग माझा हात ओढला आणि शेजारणीला सांगितलं, "पोर बरं हाय. मास्तरीण सुकली हाय." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मास्तरीणच राहिले. माझं नाव त्यांनी कधी विचारल्याचं आठवत नाही.

अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेल्या काट्याच्या झोळीत पोर ठेवलं की ते टाहो फोडायचं आणि आई हळूच झोळीला हात लावून वजन वाढवू पाहायची. बाई तिचा हात बाजूला करत. "काट्याला लाच चालत नाय गं. पोराला भरव, काट्याला कशाला भरवतीस?" आया हसायच्या, पण हात काढून घ्यायच्या. मला आकड्यांची आवड असल्यामुळे महिनाअखेरीला मी त्यांना तक्ते भरायला मदत करत असे. आमची मैत्री झाली ती तिथे.

एकदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. एका पाड्यावरच्या बाईचं धाकटं पोर फार खंगलं होतं. त्याला जव्हारच्या दवाखान्यात दाखल करायचं म्हणून यमुनाबाई गाडी घेऊनच तिच्या दारात गेल्या. मीही सोबत होते. ती बाई उंबऱ्यातून हलली नाही. म्हणाली, "मी याला घेऊन तिथं बसली तर या थोरल्या दोघांना खायला कोण घालील? मजुरी कोण करील?" बाई तिला नाही नाही ते बोलल्या. आई आहेस का कोण आहेस, इथपर्यंत. पोर त्या पावसाळ्यात गेलं. बाई पुढे कितीतरी वर्षं त्या घरावरून जाताना मान वळवून जात.

आम्ही जव्हारला घर बांधून राहायला आलो. बाई निवृत्त झाल्या. मग साखर, मग रक्तदाब आणि शेवटी मूत्रपिंडं गेल्याचं निदान. आठवड्यातून दोनदा नाशिकला डायलिसिस. गाडी पहाटेची, म्हणून आदल्या संध्याकाळी त्या आणि त्यांचा मुलगा सोमा आमच्याकडे मुक्कामाला येत. सोमा भिवंडीच्या एका गोदामात कामाला होता. आईला एकटीला मोखाड्याच्या पुढचा घाट झेपेना, म्हणून तो काम सोडून आला. "काम छूट गया तो छूट गया, मावशी," असं तिकडचं हिंदी बोलून तो विषय संपवायचा.

मुक्कामाला येऊ लागल्यावर मला बाईंची खाज कळली. खाज हा शब्द अपुरा आहे. या आजारात कातडी कोरडी पडते, तिच्यावर खवले येतात आणि आतून काहीतरी चावत राहतं. बाई आधी नखांनी खाजवत, मग फणीने. एके संध्याकाळी मागच्या दारी गेले तर त्या भांडी घासायच्या काथ्याने पाठ घासत होत्या. पोलक्यावर रक्ताच्या रेघा उमटल्या होत्या. मोहाच्या बियांचं तेल लावून झालं होतं, खुरासणीचं झालं होतं. तेलाने अंग चकाकायचं, खाज तशीच.

मी काथ्या हातातून काढून घेतला. त्यांनी तो सोडला आणि त्या पायरीवर बसल्या.

"मास्तरीण, मी मरायला भीत नाय. पण मना झोप पायजे. दोन महिने झाले, डोळ्याला डोळा नाय. हे असंच चालणार असंल तर मी आता नाशिकला जायाची नाय. सोमाला सांगू नको."

डायलिसिस थांबवलं तर काय होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी मनात हिशोब मांडला: खाज कमी झाली तर झोप लागेल, झोप लागली तर बाई नाशिकला जातील. मूत्रपिंडाचं मी काही करू शकत नव्हते. कातडीचं करता येईल असं वाटलं. वजाबाकीइतकं सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले. अंगाला लावायच्या लोशनच्या इतक्या बाटल्या असतात हे मला ठाऊक नव्हतं. मी कुठल्याही डब्याची मागची बाजू वाचल्याशिवाय तो घेत नाही. घटकांची यादी सहसा जास्त प्रमाणाकडून कमीकडे जाते. एका बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरांत शिया बटर, मागे पाहिलं तर ते सुगंधाच्याही नंतर, म्हणजे नावापुरतं. दुसरीवर नायसिनामाइड, त्याने डाग उजळतात म्हणे. बाईंना उजळायचं नव्हतं. एकीवर कातडीतला ओलावा धरून ठेवणारं सेरामाइड होतं, किती ते लिहिलेलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, वासाचं घ्या ना, बायकांना आवडतं." मी म्हटलं, "जिला लावायचंय तिला झोप आवडते."

नाशिकला नोकरी करणाऱ्या मधुराला फोन केला. तिच्या पिढीला ही रसायनं पाढ्यांसारखी पाठ असतात. ती म्हणाली, "आई, खवले आलेत ना? मग लॅक्टिक अॅसिड. मेलेली कातडी निघून जाते. बारा टक्क्यांचं मिळतं." आकडा ऐकला की मला धीर येतो. तिने ते पाठवून दिलं.

बाईंच्या हाताला लावलं आणि दुसऱ्या क्षणी त्यांनी हात झटकला. जिथे जिथे खाजवून सोललं होतं तिथे आग झाली. मी तांब्या तांब्या पाणी ओतत होते आणि बाई दात आवळून म्हणत होत्या, "मना लोणच्यात घालतीस काय गं? मुरायला ठेव मंग बरणीत." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या चेष्टा करत होत्या. बाटलीवर बारीक अक्षरांत सोललेल्या कातडीला लावू नये असं छापलं होतं. ते मीही वाचलं होतं. पण सोललेली कातडी म्हणजे बाईंचा अख्खा हात, हे डोक्यात आलं नव्हतं.

मग मी त्यांच्यासोबत नाशिकला गेले आणि डॉक्टरांनाच विचारलं. तरुण होते, घाईत होते, तरी थांबले. म्हणाले, "सॅलिसिलिक अॅसिड असलेलं अंगभर लावू नका, मूत्रपिंडं गेलेल्याला ते चालत नाही. सुगंध नको. युरिया असलेलं घ्या, दहा टक्के, त्याहून जास्त नको. कोमट पाण्याने आंघोळ, अंग ओलसर असतानाच लावायचं, जखमा सोडून. नखं कापा." आणि जाता जाता म्हणाले, "खाज आतून आहे. वरून होईल तेवढंच होईल."

युरियाचं नाव बाई परतीच्या गाडीत तोंडात घोळवत होत्या. मोखाडा मागे पडल्यावर म्हणाल्या, "भाताला टाकतात तोच ना?"

"तोच. पण शुद्ध केलेला."

"आन् माझ्या रिपोर्टात वाढलेला लिवतात, तो?"

"तोही तोच, बाई."

"म्हणजे रगतात जास्ती झाला म्हणून नाशिकला जाऊन काढायचा, आन् घरी येऊन वरून लावायचा." त्यांनी सोमाकडे पाहिलं. "पक्कं सरकारी काम हाय."

सोमा हसला. किती दिवसांनी हसला कोण जाणे. बाई पुढे म्हणाल्या, "रोपाला टाकला का ते चार दिवसात हिरवं होतं. मी हिरवी झाली तर कापून नेऊ नका म्हंजे झालं."

त्या लोशनने गुण आला. मी मोजूनमापूनच सांगते, खाज गेली नाही. पण खवले गेले, काथ्या आणि फणी सुटली, पोलकी स्वच्छ राहू लागली. मुक्कामाला आल्या की मी त्यांना आंघोळ घालून पाठीला लोशन लावत असे. त्यांची पाठ मी पहिल्यांदाच नीट पाहत होते. एवढी उंच बाई, आणि मणके बोटांना एकेक लागत होते. एके दिवशी पाठीला लोशन लावता लावता त्या बसल्या जागी झोपल्या. मी हात तसाच ठेवून बसून राहिले. आमचं जमलं, असं मला वाटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात बाई एकट्याच आल्या, सकाळी, नाशिकचा दिवस नसताना. माझ्या मनगटाची चिमटी घेतली, "पाणी हाय" म्हणाल्या आणि ओट्याशी पाटावर बसल्या.

"आता झोप लागती. डोकं जाग्यावर आलं. म्हणून तुना सांगायला आली. मी नाशिक बंद केलं."

मी म्हटलं, "खाज कमी झाली ना? मग आता कशाला?"

"खाजेनं म्हणत होती तेव्हा ते खाजेचं बोलणं होतं. हे माझं हाय." मग त्यांनी नातीचं सांगितलं. सोमाची रोशनी, दोन वर्षांची. बाईंनी तिला अंगणवाडीत नेऊन वजन केलं होतं. तीन महिन्यांत काटा हलला नव्हता. "सोमा माझ्यासंगं गाडीत बसतो. सून मजुरीला गेली तर पोर कोणाकडं ठेवायची, नाय गेली तर शिजवायचं काय? आख्खा जल्म मी लोकांच्या पोरांचं वजन केलं, मास्तरीण. माझ्या घरातलं मना दिसत नवतं. झोपच नवती तर दिसंल कसं?"

मी म्हणाले, आम्ही देऊ, जमेल तसं पाहू. बाई म्हणाल्या, "तू देशील. किती दिवस देशील? मी बरी तर होणार नाय." मी म्हटलं, सोमा ऐकणार नाही. "त्याला मी बोलली. रडला. रडू दे. भिवंडीचा मुकादम घेतो म्हणतो परत."

मग एकदम म्हणाल्या, "ती पाड्यावरची बाई आठवती का? उंबऱ्यातली? मी तिला लय बोलली. ती पण हिशोबच करत होती गं."

माझी वजाबाकी अशी होती की झोप लागली तर बाई जगतील. झोप लागली, आणि त्यांना स्वच्छ दिसलं की जगायचं नाही.

त्यानंतर मीच साखरशेतला जात राहिले. बाटली पिशवीत असे. पाय सुजून खांबासारखे झाले होते, हात मात्र काटकुळे. रक्तातला युरिया चढत होता आणि मी वरून दहा टक्के लावत होते. खाज परतली होती, पण कातडी मऊ होती, जखम एकही नव्हती. शेवटी शेवटी त्या अर्धवट गुंगीत असत. एकदा मी त्यांच्याच पद्धतीने त्यांच्या मनगटावर चिमटी घेतली. सोडली. कातडी तशीच उभी राहिली. बाईंनी डोळे किलकिले करून पाहिलं आणि म्हणाल्या, "मना नको दाखवू. मना माहीत हाय."

दोन दिवसांनी त्या गेल्या. आंघोळ घालताना एक म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "बाईची कातडी बघा, पोरीवानी झाली." बाकीच्या बायकांनीही हात लावून पाहिला. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

दिवाळीनंतर पुन्हा साखरशेतला गेले. सोमा भिवंडीला होता, पैसे पाठवत होता. सून नाचणी वाळवत होती. म्हणाली, रोशनीचं वजन वाढलं, दोन महिन्यांत सव्वा किलो. तिने ते आनंदाने सांगितलं, आणि का सांगू नये? मी जन्मभर हिशोब चुकला की बेचैन होत आले. बरोबर आलेला हिशोब इतका असह्य होऊ शकतो, हे मला त्या अंगणात कळलं.

रोशनी माझ्याजवळ आली. माझा हात ओढला, मनगटावर चिमटी घेतली, सोडली आणि वाकून पाहत राहिली. आजीने कधी शिकवलं होतं कोण जाणे. एवढं करून पुढे काय म्हणायचं असतं, ते मात्र तिला आठवेना. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.