बाबांनी पारखलेली बीअर

वडशाच्या धान्यबाजारात बाबांच्या नाकाला मान आहे. जन्मभर त्यांनी धानाची दलाली केली. चार दाणे तळहातावर चोळायचे, तोंडाची वाफ द्यायची, हुंगायचे, चावायचे, थुंकायचे आणि मगच बोलायचं.

त्यांची मी एकुलती लेक, आणि सहा वर्षं त्यांना थाप मारत होते की मी बिस्किटांच्या कारखान्यात आहे. खरं तर मी नागपूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात बीअर चाखून पास-नापास करते. आमच्या वडशाच्या जिल्ह्यात दारूबंदी, त्यात बाबांनी कधी थेंबही घेतलेला नाही. सांगायची माझी छातीच झाली नाही.

यंदा मे महिन्यात ते वरोऱ्याला माझ्याकडे आले. पाण्यासाठी फ्रीज उघडला, तर आत नुसते आकडे लिहिलेल्या दोन बाटल्या.

“हे काय होय व बाई?”

मी सगळं सांगून टाकलं.  बाबांनी एक बाटली उजेडात धरून पाहिली.

“कशी पारखतं? दाखव मले.”

मी दोन्ही बाटल्यांतून एकेक ग्लास भरला. ही हलकी, फिकट सोनेरी लागर बीअर. चव इतकी साधी, की जराशी खोटही लपत नाही. त्यात तांदूळ पडतो म्हटल्यावर बाबा खुर्ची ओढून पुढे आले. दोन्ही ग्लास हुंगून एक माझ्याकडे सरकवला.

“याच्यातला तांदूळ ओल लागलेला आहे. बारदान्याचा, ओल्या पोत्याचा वास येऊन राह्यला.”

त्याच बाटलीतल्या मालापुढे मी दोन दिवस वहीत प्रश्नचिन्ह काढून बसले होते, म्हणून तर बाटल्या घरी आणलेल्या. असा राग आला आणि असा आनंद झाला!

“चाखून थुकतं ना व तू?” बाबांनी हळूच विचारलं.

हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण पुन्हा खोटं बोलवेना.

“नाई बाबा, गिळावं लागते. कडूपणा घशातच कळते.”

त्यांनी तोच खराब ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि गिळला. चेहरा असा वाकडा झाला की मला हसू आवरेना.

“बराबर आहे,” ते म्हणाले, “थुकून नाई समजत.”

तेवढ्यात बाजारातल्या त्यांच्या मित्राचा फोन आला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं मोठ्यानं सांगितलं, “पोरीकडं आलो. बिस्किटं? नाई गा, बीअर पारखते. नाक माझंच आहे तिचं.”