हानेलोरेची पांढरी ग्रेव्ही

समजा, तुमच्यासमोर ओट्यावर मांसाचे तीन काप ठेवले आहेत. हातोडीने ठोकून ते इतके पातळ करायचे आहेत, की तळहाताएवढा काप पसरून अर्धं ताट भरेल. मग ते मैद्यात घोळवायचे, अंडं फेटलेल्या ताकात बुडवायचे, पुन्हा मैद्यात घोळवायचे आणि बोटभर तेलात खरपूस तळायचे. काप निघाले की तेल काढून टाकायचं, तीन चमचे मागे ठेवायचं. त्यात मैदा परतायचा, वर दूध ओतायचं आणि दाट, पांढरी, वर काळी मिरी दिसणारी ग्रेव्ही करायची. आता आणखी एक समजा. हे मांस गाईचं आहे. तुम्ही ते आजवर खाल्लेलं नाही आणि पुढेही खाणार नाही, म्हणजे चमच्याच्या टोकाने चाखून बघायची सोय नाही. आणि हा पदार्थ फसला, तर एका म्हाताऱ्या माणसाला आपलं घर सोडावं लागेल.

२००७ च्या सप्टेंबरातल्या एका रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमधल्या एका घराच्या तळमजल्यावर वसुधा देवस्थळी अशी उभी होती.

घर हेर टकर, म्हणजे टकरसाहेब, यांचं. वसुधा आणि तिचे यजमान श्रीपाद सहा वर्षांपासून वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. श्रीपाद पंपांचं डिझाइन करायचे. वसुधा मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पंधरा वर्षं काम करून आली होती. जर्मनीत तिच्या डिप्लोम्याला कुणी विचारलं नाही, पण हात लॅबचेच राहिले. स्वयंपाकाला लागली की आधी सगळं मोजून वाट्यांत काढायची, ओळीने मांडायची आणि एकेक वाटी रिकामी करत जायची. ओळ संपली की पदार्थ झाला. "भाजी करतेस की रिपोर्ट देतेस?" असं श्रीपाद म्हणायचे. पण वीस वर्षांत तिचं मीठ कधी चुकलं नव्हतं.

हेर टकर मूळचे अमेरिकेतल्या अलाबामाचे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी सैनिक म्हणून श्टुटगार्टला आले, हानेलोरेच्या प्रेमात पडले आणि इथेच राहिले. जर्मन बोलायचे ते अजूनही तोंडात खडीसाखर धरल्यासारखं. वसुधाला 'मॅम' म्हणायचे. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी तिला बागेत बोलावून कलिंगडाची फोड दिली आणि वर मीठ भुरभुरवलं. तिला हसू फुटलं. "आमच्याकडेही असंच खातात," ती म्हणाली. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "मग तुम्ही सुधारलेले लोक आहात, मॅम. माझी बायको मला रानटी म्हणते." टकर प्रत्येक गोष्टीवर मीठ घ्यायचे. काकडीवर, बिअरमध्ये चिमूटभर, सफरचंदावरसुद्धा. मिठाची काचेची बाटली शर्टाच्या खिशात घालून बागेत हिंडायचे.

मार्चमध्ये हानेलोरे गेली आणि त्यांचं जेवणच सुटलं. वसुधा पोहे द्यायची, सूप द्यायची. डबे धुतलेले परत यायचे, पण मागच्या कचऱ्याच्या पेटीत तिला तेच पोहे दिसायचे. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली. ऑगस्टमध्ये एकदा ते शेगडी चालू ठेवूनच फिरायला गेले. ही गोष्ट त्यांची मुलगी कारिन हिच्या कानावर गेली. कारिन कासेलला राहायची. तिने तिथल्या वृद्धाश्रमात, आल्टेनहाइममध्ये, एक खोली बघून ठेवली आणि वसुधाला फोन केला.

"फ्राऊ देवस्थाली, मी रविवारी सव्वाबाराला येते. बाबा माझ्यासमोर एक ताट नीट जेवले, तर हिवाळा संपेपर्यंत मी गप्प बसेन. नाहीतर एक तारखेला नेते. मला रोज रात्री झोप लागत नाही हो."

वसुधाने तोंडभरून सांगितलं, "जेवतात ते. माझ्यावर सोडा." फोन ठेवला. ती चक्क खोटं बोलली होती.

त्या संध्याकाळी तिने टकरना सरळ विचारलं, "तुम्हाला काय खावंसं वाटतं?"

 त्यांनी उठून कपाटातून पत्र्याचा डबा काढला आणि त्यातलं एक तेलकट कार्ड तिच्या हातात दिलं. हानेलोरेचं अक्षर. सासूने अलाबामाहून पत्रातून कळवलेली कृती तिने जर्मनमध्ये उतरवून घेतली होती. दर रविवारी ती हे करायची.

"पण मॅम, हे गाईचं असतं. तुम्हाला करायला नाही सांगणार मी."

"मला खायचं नाहीये. करायचं आहे," वसुधा म्हणाली.

वर आल्यावर श्रीपादनी कार्ड वाचलं. "हे जमणार का तुला? आणि खरं सांग, त्यांच्यासाठी करतेस की आपल्या घरासाठी? कारिनने घर विकलं तर आपणही बाहेर."

"अहो, काय बोलता!" ती चिडली. पण रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं, कारण घराचा विचार तिच्याही मनात येऊन गेला होता.

"तुम्ही तरी चाखाल ना?" सकाळी तिने श्रीपादना विचारलं.

"माझी धाव कोंबडीपर्यंत. आईला कळलं तर मिरजेहून मराठी आणि कानडी दोन्हीत उद्धार होईल."

तर रविवारी ती टकरांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच खोलगट तव्यासमोर, एकटी. कार्डाची शेवटची ओळ तिला सतावत होती: मीठ, मिरी चाखून घाला. चाखायचं कुणी? तिने लॅबचा मार्ग धरला. दूध अर्धा लिटर, त्याला पाऊण चमचा मीठ. तेवढं मोजून स्टीलच्या वाटीत काढलं. मांसाचं मीठ वेगळं, ते घोळवायच्या मैद्यात मिसळलं; ग्रेव्हीचा मैदा कोरा ठेवला. वाट्या ओळीने मांडल्या.

ठोकायला लागली तर घर दणाणलं. जर्मनीत रविवारी शांतता पाळायची असते; दणदणाट करणं म्हणजे शेजाऱ्यांच्या तक्रारीला निमंत्रणच. शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. वसुधाने खिडकीतून हातोडी दाखवली आणि हसली. बाई गेली. पहिला काप तेलात सोडला तेव्हा वास आला, तिने तोंडावर पदर नसल्याने बाहीच धरली. कवच सुटेल का? आत कच्चं राहील का? बघता बघता कडा सोनेरी झाल्या, आणि तिच्या लक्षात आलं की हे तर भज्यांसारखंच आहे, आवाज बदलला की उलटायचं.

ग्रेव्हीने मात्र घाम काढला. मैदा परतताना हात सवयीने तो लाडवाच्या बेसनासारखा भाजू लागला, खमंग वास येईपर्यंत थांबू लागला. रंग चढायच्या आत तिने घाईघाईने दूध ओतलं. गुठळ्या झाल्या. पिठलं घोटावं तशी ती घोटत राहिली, मनगट भरून आलं. अखेर गुठळ्या विरल्या आणि ग्रेव्ही चमच्याच्या पाठीला धरायला लागली. मिरीची वाटी रिकामी केली. पांढऱ्यावर काळे ठिपके, अगदी कार्डात म्हटल्यासारखे. आता चाखायला टकरनाच बोलवावं म्हणून ती दाराकडे वळली आणि घंटी वाजली. बारा वाजून चौदा मिनिटं.

टकर इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. कारिनने कोटही न काढता ताटाकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"ती पांढरी ग्रेव्ही मला नको हं," ती म्हणाली. "लहानपणापासून बघवत नाही. वॉलपेपर चिकटवायची खळ!" तिने मांसावर लिंबू पिळलं. "पण हे छान झालंय. आई करायची तसंच."

 टकरनी काप ग्रेव्हीत बुडवला, खाल्ला. दुसरा घास. तिसरा. वसुधा भिंतीला टेकून उभी राहून घास मोजत होती, लॅबमध्ये पेशी मोजायची तशी. ताट रिकामं झालं. त्यांनी ब्रेडच्या तुकड्याने उरलेली ग्रेव्ही पुसून घेतली आणि ताट पुढे केलं.

"आणखी थोडी मिळेल का, मॅम?"

कारिन रडायला लागली. मग नाक पुसत म्हणाली, "आल्झो, ठीक आहे, मार्चपर्यंत. पण एका अटीवर. दर रविवारी संध्याकाळी तुम्ही मला फोन करायचा आणि खरं काय ते सांगायचं. कसे खातात, कसे वागतात. मी डॉक्टरांवर नाही, तुमच्यावर अवलंबून राहणार."

"गेनाऊ, अगदी तसंच," वसुधा म्हणाली. छातीवरचा दगड उतरला होता.

तीन वाजता कारिनची गाडी गेली. टकर आरामखुर्चीत डोळे मिटून बसले. वसुधा ओटा आवरायला लागली. दुधाचा रिकामा पुडा उचलला आणि मागे स्टीलची वाटी दिसली. पाऊण चमचा मीठ, मोजून ठेवलेलं, जसंच्या तसं.

तिने ओळ पुन्हा मोजली. वाट्या सगळ्या रिकाम्या, ही एक सोडून. मैदा आणि दूध, मिठाचा कण नाही. वॉलपेपरची खळच. आणि तो माणूस, जो सफरचंदालाही मीठ लावतो, तो ही ग्रेव्ही परत मागून खातो. मिठाची बाटली टेबलावर त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्यांना कळलं असेल, आणि मुलीसमोर तिची फजिती होऊ नये म्हणून, आणि स्वतःच्या घरासाठी, त्यांनी निमूट गिळलं असेल. किंवा काहीच कळलं नसेल. शेगडी विसरले तशी चवही विसरले असतील, आणि त्यांना एकटं ठेवू नये हे कारिनचं म्हणणं खरं असेल. पहिलं असेल तर सांगण्यासारखं काही नाही. दुसरं असेल तर आज संध्याकाळचा पहिलाच फोन खोटा जाणार होता.

ती वाटी हातात घेऊन बैठकीच्या दारात आली. टकरनी डोळे उघडले. "हानेलोरेसारखीच झाली होती, मॅम," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

वसुधा तिथेच उभी राहिली. वरच्या मजल्यावर श्रीपादनी चहाला हाक मारली, पण तिच्याने पाऊल उचलवेना. फोन सात वाजता करायचा होता. विचारावं तर कसं विचारावं, आणि न विचारता कसं कळावं: खाताना त्यांना मीठ नसल्याचं कळलं होतं का?