मोटर बसेल अशी सायकल

बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम मी तीस वर्षं करतेय. राजारामपुरीतल्या गल्ल्यांतून सकाळी दहाच्या आत पाच घरं. पाणी तापलेलं असतं, बाळ भुकेनं किंचाळत असतं, आणि मावशी वेळेत आली नाही की लोक दुसरी बाई लावतात. त्यात त्यांचं काही चुकतंय असं मी म्हणत नाही.

गुडघ्यानं दगा दिला तेव्हा जावयानं माझ्या जुन्या लेडीज सायकलच्या पुढच्या चाकात मोटर बसवून दिली. खोटं कशाला बोलू, दोन वर्षं मी राणीसारखी फिरले. मग एका सकाळी चाक धरणारा चिमटाच तडकला आणि मी रस्त्यावर आडवी. मोटरीला ओरखडासुद्धा नाही. लागलं ते मला, तेही त्याच गुडघ्याला. दुष्काळात तेरावा महिना.

"ह्या मोटरीला दुसरी सायकल बघा," दुरुस्तीवाला म्हणाला. बघा म्हणे. नव्या लेडीज सायकली दिसायला नट्या, पण चिमटा हलका. मोटरीच्या ओढीनं तोही तडकणार. जेंट्स सायकल दणकट, बॅटरीलाही मधे जागा, पण आडवी दांडी. तिच्यावरून पाय टाकायचा कुणी? कागलला एकाकडं जुनी लेडीज आहे असं कळलं म्हणून एसटीनं गेले. तिची चाकं मोठी, माझ्या मोटरीचं लहान; ब्रेक पोचेनात. परत येताना एसटीत रडले. शेजारची बाई विचारत होती, कोण गेलं.

तोवर महिनाभर पायी फिरून दोन घरं सुटली होती. उरलेल्या तिनांत एक सातव्या महिन्यात जन्मलेलं, मुठीएवढं बाळ. त्याला हात लावायला त्याची आईसुद्धा भ्यायची. हे घर सुटलं तर आपण संपलो, असं मला रोज वाटायचं.

शेवटी दुरुस्तीवाल्याच्या दुकानात जेंट्स सायकलपाशी उभी राहून त्याला म्हणाले, "ती दांडी कापून टाक."

"दांडी कापली की फ्रेम मेली, मावशी. मधनं मोडंल, तुमच्यासकट."

"मोडू दे की."

तो माझ्या गुडघ्याकडं बघत म्हणाला, "पाय वर करून दावा बरं, किती हुतोय."

केला. वीतभर. दुखणं लपवायची मला सवय आहे, पण डोळ्यांत पाणी आलंच.

"येड्यागत मोटर बघून सायकल हुडकतोय आपण," तो म्हणाला. "तुमचा पाय बघून हुडकायला पायजे हुती."

त्यानं पोरांची एक बुटकी सायकल काढली, दांडी पार खाली असलेली, जाड लोखंडी चिमट्याची. मोटर जुन्या रिममधून सोडवली आणि नव्या तारा घालून त्याहून लहान रिममध्ये बांधली. सीट उंच केली, बॅटरी कॅरियरवर ठेवली. वीतभर पाय उचलला की बसता येत होतं.

पहिल्याच सकाळी गल्लीत एकजण म्हणाला, "मावशी, सर्कस कुठं लागलीया?"

"तुला बी मीच न्हाऊ घातलंय, गप बस," म्हटलं आणि सुसाट निघाले.

मुठीएवढ्या बाळाच्या दारात वेळेच्या आधीच पोचले. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मोरीत पाय लांब करून बसले, बाळ पायांवर घेतलं, तेल लावलं, पाणी घातलं. ते रडलंसुद्धा नाही. त्याच्या आईच्या हातात दिलं आणि उठायला गेले.

गुडघा हललाच नाही. भिंत धरली, बादली धरली, पुन्हा खाली बसले. महिनाभर प्रत्येक घरात उठताना भिंत धरत होते, पण स्वतःला सांगायचे, चालून चालून दमलाय, सायकल आली की होईल बरा. आज मी चाललेच नव्हते.

बाळाची आई ओल्या बाळाला एका हातानं छातीशी धरून दुसरा हात पुढं करत होती. "मावशी, धरा."

"माझं राहू दे," मी म्हणाले. "त्याला आधी पूस. गारठंल."