पंचवीस मीटरच्या पुढे

माझी आई मला पोहणारी मानत नव्हती. बावन्नाव्या वर्षी मी बोरीवलीतल्या स्विमिंग पूलवर बायकांच्या बॅचला नाव घातलं, पाण्याची भीती घालवली, एका वर्षात रोजच्या वीस फेऱ्यांवर आले, आणि आई काय म्हणायची? "हौदात डुंबणा ता. त्येका पेवणा म्हणनत नाय." आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मुंबईत येऊन तिला साठ वर्षं झाली, तरी भांडायचं असलं की ती मालवणीतच भांडते.

पोहणं म्हणजे काय हे आईला पक्कं माहीत होतं. लहानपणी ती गावच्या तळ्यात या काठावरून त्या काठाला जायची. हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्या तळ्याचा नकाशा काढून देईन. आणि हीच आई, मी दहा वर्षांची असताना मे महिन्यात त्याच तळ्यात कंबरभर पाण्यात उतरले, तर दंडाला धरून मला बाहेर ओढते आणि म्हणते, "पुरे." का पुरे, ते नाही सांगितलं. भावाला मात्र कोणी ओढलं नाही, तो संध्याकाळपर्यंत डुंबत होता. तो "पुरे" मी त्रेचाळीस वर्षं पोटात ठेवलाय, आणि मी काही शांत स्वभावाची बाई नाही.

त्यामुळे आमच्या बॅचची पिकनिक शहापूरच्या पुढच्या एका तळ्यावर ठरली, तेव्हा मी आईला म्हटलं, तू चल. बघ एकदा. ती म्हणाली, माझे गुडघे. मी म्हटलं, गुडघे तुझे मिनीबसमध्ये बसणार आहेत, पोहणार मी आहे. आली. येताना दहीभाताचा डबा, घडीची खुर्ची आणि चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव घेऊन आली.

तळं झकास होतं. तीन बाजूंनी झाडी, पाणी हिरवट, आणि समोरच्या काठावर एक मोठा उंबर. तळ्याची देखभाल करणारा एक मामा होता, ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन बसलेला. आम्ही नऊ बायका टोप्या आणि गॉगल चढवून तयार झालो आणि रांगेत उभ्या राहिलो. मग एकमेकींकडे बघायला लागलो. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यायचा असतो ना, तो कुठे दिसेना.

"मामा, शॉवर कुठाय?" माझ्या मैत्रिणीने विचारलं. ही वर्सोव्याची, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातली. समुद्र दारात आणि पोहायला शिकली पूलमध्ये, चाळिशीनंतर. कारण विचारलं तर म्हणते, "बोटीवर पुरुष जातात गं, आम्ही बाजारात. बाजारात कुठे बुडायचंय?"

मामाने तळ्याकडे हात केला. "एवढं पाणी आहे समोर, अजून कसलं पाणी पाहिजे?"

"आणि किती फूट आहे?"

"मधे लय आहे."

लय म्हणजे किती, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. पूलमध्ये कसं, कडेला निळ्या रंगात आकडे असतात. आम्ही पाय बुडवले, किंचाळलो, हसलो, आणि मग डाव्या बाजूने एकामागे एक सुटलो. एवढं मोठं तळं रिकामं पडलेलं आणि आम्ही नऊ जणी लेन पाळून चाललोय. मामा उठून उभाच राहिला बघायला.

मी छान चालले होते. हात, श्वास, हात, श्वास. पूलची एक फेरी म्हणजे पंचवीस मीटर, त्यात माझे बत्तीस हात होतात. इथे बत्तीस हात झाले आणि माझं शरीर मला न विचारता वळलं. गुडघे पोटाशी घेतले, भिंतीला लाथ मारायला पाय मागे टाकले, आणि भिंत नव्हती. वाट लागली. घोटभर तळं प्यायले, कशीबशी सावरले आणि सरळ काठाकडे परत आले. मागून मैत्रीण आली, तीही तिथूनच वळून. तिच्या मागची पण. अख्खी बॅच मोकळ्या तळ्यात फेऱ्या मारत होती.

"मागे कित्याक इलस?" आईने खुर्चीतून विचारलं.

"वळायची सवय झालीय."

"तळा खंय संपला?"

पुन्हा गेले. मनाशी ठरवून गेले की वळायचं नाही. बत्तीस हात झाले, पाय पुन्हा भिंत शोधायला लागले आणि मी परत. दम लागला म्हणून नव्हे हो, दम भरपूर होता. पूलमध्ये दर फेरीला कडेची दांडी धरून मी श्वास घेते, टोपी नीट करते, दोन वाक्यं बोलते. माझी एक वर्षाची तपश्चर्या त्या दांडीवर उभी होती हे मला तेव्हा कळलं, आणि माझा मलाच इतका राग आला की काय सांगू.

तोवर आईने मामाशी ओळख काढली होती. समोरच्या उंबराखाली झरा आहे, त्याला बारा महिने पाणी असतं आणि गावातली माणसं तेच पितात, ही माहिती तिने मिळवली. मला म्हणाली, "थंयचा पाणी हाड माका. पेवतस मा तू?" म्हणजे पोहूनच आणायचं.

मामा भला माणूस. तो म्हणाला, "आजी, मी आणून देतो ना, काठाने पायवाट आहे, पाच मिनिटांचं काम."

"तू बस रे," आई म्हणाली.

मी अर्ध्या लिटरची रिकामी बाटली ओढणीने कमरेला बांधली. मैत्रीण म्हणाली, "अगं, वेडी आहेस का, हट्ट काय लहान पोरांसारखा?" पण मामा ट्यूबमध्ये बसून मागे येतो म्हणाला, तेव्हा तिनेच बाटलीची गाठ आवळून दिली. मी पाण्यात शिरत होते आणि आईने माझ्याकडे बघितलं. माझे ओठ निळे पडले असणार. ती म्हणाली, "ऱ्हवांदे. पुरे झाला. भायर ये, दहीभात खा."

पुरे. पुन्हा तोच शब्द. मी अशी सुटले की बाटली मागे उडायला लागली.

तीस. एकतीस. बत्तीस. गुडघे वर यायला लागले. मी मनात गुडघ्यांना अशी शिवी दिली की ती इथे लिहिता येणार नाही. तेहतीस. पूलमध्ये मी आयुष्यात कधी तेहतीस मोजलं नव्हतं. चौतीस. खाली काळं पाणी, पुढे काही नाही, धरायला काही नाही. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पन्नास झाले. मागून मामाचा आवाज येत होता, तो ट्यूबमध्ये बसून फोनवर कोणाशी तरी कोंबड्यांच्या खाद्याबद्दल बोलत होता, आणि त्या कोंबड्यांनी मला मोठा धीर दिला. शंभरानंतर मी मोजणं सोडलं. मग हाताला चिखल लागला.

उंबराखाली एक बाई कपडे धूत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, टोपी, गॉगल, कमरेला बाटली. "वाट हाये ना इथून," ती म्हणाली. "पवून कशाला आल्या?"

"आईला पाणी पाहिजे," मी म्हटलं. तिला ते पटलं. ती बाजूला सरकली. खडकाच्या फटीतून करंगळीएवढी धार पडत होती. मी आधी पोटभर प्यायले, मग बाटली भरली.

परत जाताना पायवाटेने जावं असं पायांचं म्हणणं होतं. पण समोर, लांबवर, खुर्चीतून उठून आई उभी होती. गुडघे दुखणारी बाई, पाण्याच्या अगदी कडेला, साडी घोट्यांवर उचलून. मी पोहतच आले.

तिने बाटली घेतली, झाकण उघडलं, दोन घोट प्यायली. "गार आसा," म्हणाली. बस्स. पोहण्याबद्दल चकार शब्द नाही. मी टॉवेल गुंडाळून तिच्या शेजारी बसले आणि रागारागाने तिचा अर्धा दहीभात संपवला.

परतीच्या वाटेवर मिनीबसमध्ये सगळ्या पेंगत होत्या. मी खिडकीला डोकं टेकलं होतं. आईने गावच्या मावशीला फोन लावला. आईला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि तो स्पीकरवर असतो हे तिच्या कधी लक्षात राहत नाही.

"अगो, ऐक. माझ्या चेडवान आज तळ्याच्या पलाडसून माका पाणी हाडल्यान. पेवान." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

"सगळा तळा पेवान गेला?" मावशीचा आवाज बसभर झाला. "तुझ्यापेक्षा बरा म्हणायचा. तू खंय गेलंस कधी पलाड? अर्ध्यावरसून मागे येयस आणि काठार बसान रडस."

मी डोळे मिटलेलेच ठेवले. श्वाससुद्धा झोपल्यासारखा घेतला. मांडीवरच्या बाटलीचं झाकण आईने उगाच काढलं, परत लावलं.

"होय गो," ती म्हणाली. "माका नाय जमला कधी. पण माझा चेडू पलाड जावन इला."

मी कपाळावरचा पोहण्याचा गॉगल डोळ्यांवर ओढून घेतला. पुढच्या सीटवरून मैत्रिणीने मागे वळून बघितलं.

"आता काय बसमध्ये पोहणार आहेस?"

"गप बस गं," मी म्हटलं, आणि बोरीवली येईपर्यंत तो काढला नाही.