काचवाल्याचं गप्प राहणं

काचवाला गप्प झाला त्याला दीड महिना होऊन गेला होता, आणि तेव्हापासून त्याच्या बायकोच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता.

त्याच्या ओरडण्याची तिला एकोणीस वर्षांची सवय होती. कामगाराने काचेची कडा नीट घासली नाही, मुलगी दहा मिनिटं उशिरा आली, चहा निवला, काहीही निमित्त पुरायचं. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. हात त्याने दोनदाच उचलला होता. ‘दोनदाच’ हा शब्द सासूबाईंचा. पण आवाज असायचा तेव्हा निदान अंदाज यायचा. चढायचा, फुटायचा, ओसरायचा. लेकीला कधी आतल्या खोलीत पाठवायचं, हे तिला त्या आवाजावरून कळायचं.

आता कळायला काही मार्गच उरला नव्हता. बिनसलं की तो जिथे असेल तिथे थांबायचा, हाताला येईल ते घट्ट धरायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. जबडा आवळलेला, मानेची शीर तटतटलेली. अर्ध्या मिनिटाने ‘बरं’ एवढंच म्हणून निघून जायचा. त्या अर्ध्या मिनिटात मायलेकी श्वास रोखून उभ्या.

नणंदेने फोनवर थट्टा केली, “वहिनी, वाघाची गाय केलीत म्हणे! काय जादू केलीत?”

“वाघ दबा धरतो तेव्हाही गप्पच असतो, वन्सं.”

नणंद खळखळून हसली.

दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. भिंतीला टेकवून उभ्या काचा, मधोमध जाड कापड ठोकलेलं टेबल, त्यावर काच कापायची हिरकणी आणि टेप. मापं लिहून घेणं, कारखान्याला कळवणं हे काम बायकोचं. एका दवाखान्याच्या दर्शनी भागाला चार टफन काचा हव्या होत्या. ही काच आधी मापाला कापतात, मग भट्टीत तापवून कडक करतात. एकदा कडक झाली की कापता येत नाही, कापायला गेलं तर सगळ्या काचेचा चुरा होतो. म्हणून माप चुकवायचं नाही. गिऱ्हाईक रिकाम्या चौकटीचं माप देतं. काच त्याहून सहा मिलिमीटर कमी सांगायची, नाहीतर ती चौकटीत बसत नाही. हे ती झोपेतसुद्धा बरोबर करायची.

पण त्या दिवशी कामगाराच्या हातून एक आरसा पडला होता, आणि नवरा तिच्या खुर्चीमागे डोळे मिटून उभा होता. त्याचा श्वास तिच्या केसांना लागत होता. तिने चौकटीचं माप जसंच्या तसं उतरवलं आणि पाठवून दिलं.

काचा आल्या तेव्हा तो बाहेर कामावर होता. तिने टेप लावला. चारही काचा सहा मिलिमीटर जास्त. कारखान्यावर ढकलावं असं मनात आलं, पण कागद तिच्याच अक्षरातला होता.

“तू मावशीकडे जा,” तिने लेकीला सांगितलं.

“तू पण चल ना, आई.”

“मी आले तर त्यांना सांगणार कोण?”

तो साडेचारला आला. ती दुकानाच्या मागच्या दारापाशी उभी होती, दार उघडं ठेवून.

“अहो, दवाखान्याच्या काचा... सहा वजा करायचे राहिले. माझ्याकडून.”

“चारही?”

“चारही.”

त्याने टेबलाची कड धरली. डोळे मिटले. उघड्या दारातून उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडत होता, आणि तिला पहिल्यांदाच त्याचे ओठ हलताना दिसले. ती बघत राहिली. दर रविवारी चर्चमध्ये ती त्याच्याशेजारी उभी राहून तेच शब्द म्हणायची. प्रभूची प्रार्थना. इतरांना क्षमा करण्याच्या ओळीपाशी ओठ थांबले. चेहरा लालबुंद झाला. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडला. तिसऱ्या वेळी टेबलावर मूठ आदळली, हिरकणी उडून खाली पडली, आणि तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर गेला. चौथ्या वेळी तो शेवटपर्यंत पोहोचला.

“तुम्ही प्रार्थना म्हणत होतात?”

चोरी पकडली गेल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला. “पाळकांनी सांगितलं होतं. राग आला की आधी ती पुरी म्हणायची, मगच तोंड उघडायचं. घरी, दुकानात, कुठेही. आणि देखावा करू नको म्हणाले, देवाला दिसलं की पुरे. म्हणून कुणाला बोललो नाही.”

“आणि आम्हाला काय वाटत होतं, माहीत आहे?”

“काय?”

“की आता एके दिवशी तुम्ही जीवच घेणार. पोरगी दाराला खुर्ची लावून झोपते.”

तो मटकन स्टुलावर बसला. “मी तर सुधारायला बघत होतो, गं.” मग म्हणाला, “भीती वाटते तर मला सांगायचं ना.”

“तेच सांगायला तर भीती वाटते.”



“आत्ताही वाटते?”

“हो.”

तो उठून तिच्याकडे आला नाही. दोन्ही हात टेबलावर, तिला दिसतील असे ठेवले. “माप लिहिताना मी मागे उभा होतो, नाही का? त्या आरशाच्या दिवशी.”

तिने होकारार्थी मान हलवली.

“दवाखान्याचा नंबर सांग. मी बोलतो त्यांच्याशी.”

उंबऱ्यातूनच तिने एकेक आकडा सांगितला. तिकडे घंटी वाजायला लागली तसा तो म्हणाला, “पोरीला बोलावून घे. तिलाही सांगतो.”

“आज नको. आज तिला तिकडेच राहू दे. उद्याचं उद्या बघू.”