बाग्रातुनी राजांची वंशावळ आणि आमची पत्रिका

१४ जून, शनिवार. रक्कम चारशे ऐंशी पौंड. हजर: मी, माझी बायको, मुलगी, मेहुणा, होणारा जावई आणि त्याची आजी. स्थळ लंडनच्या हॅरोमधली आमची बैठकीची खोली. रक्कम मेहुण्याची, पण खर्च आमच्या नावावर केलेला, आम्हाला न विचारता.

जावई इथेच जन्मलेला, नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, घराणं आर्मेनियन. मुलीने आणलं, आम्ही हो म्हटलं. प्रश्न आमच्या नागपूरच्या मंडळींचा होता. फोनवर एकच पालुपद: "मुलगा कुठला? कोणाच्या घरचा?" जात विचारायची नाही एवढं सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती अशी वळसा घालून विचारतात. त्यांची तोंडं बंद करायची म्हणून मेहुण्याने वंशावळ काढून देणाऱ्या एका कंपनीला पैसे भरले, आणि त्या शनिवारी चहाच्या कपांमध्ये सोनेरी कडेचा लांबलचक कागद उलगडला.

"दाजी, बघा. बाग्रातुनी! आर्मेनियाचं राजघराणं. आनी नावाची राजधानी होती त्यांची. आता बोलू द्या नागपूरला."

मी संतापलो. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं आमचं घर. माझ्या वडिलांनी गावकुसाबाहेरची झोपडी सोडली ती माणसाला जन्मावरून मोजणाऱ्यांना कंटाळून. आणि त्यांच्या नातीच्या लग्नात आम्ही राजाचा जन्म विकत आणायचा? वरच्या जातीचा नाही मिळाला, तर वरच्या वंशाचा?

पण संताप बाजूला ठेवून मी आधी आकडे पाहिले, ती माझी सवय आहे. आनी पडलं १०४५ साली. कागदाच्या माथ्यावर तिथला शेवटचा राजा आणि तळाशी आजीचे वडील, जन्म १९१०. मध्ये आठशे पासष्ट वर्षं आणि अकरा पिढ्या. मी भागाकार करून दाखवला. सरासरी प्रत्येक बापाला वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी मुलगा.

"जुनी माणसं दणकट होती, दाजी," मेहुणा म्हणाला.

"पेन्शन सुरू झाल्यावर पाळणा हलवत होते का रे तुझे राजे?" बायको म्हणाली. ती त्याची थोरली बहीण, तिला त्याला बोलायचा हक्क आहे.

मुलगी हसली नाही. "मामा, तू पत्रिका पण छापल्यास?"

छापल्या होत्या. दीडशे. वर बुद्धाचं चित्र आणि खाली वराच्या नावाआधी 'आर्मेनियाच्या बाग्रातुनी राजवंशातील'. बुद्ध स्वतः राजवाडा सोडून निघाला, हे याच्या लक्षात येऊ नये!

मग आजी पुढे सरकली. वय चौऱ्याऐंशी. इंग्रजी समजतं, पण बोलते आपल्या भाषेत आणि नातू आम्हाला सांगतो. तिने कागद गुडघ्यांवर ओढून घेतला, चष्मा पुसला आणि तळाकडून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिच्या वडिलांच्या वर एक नाव होतं, पुढे 'जमीनदार' असं लिहिलेलं.

"हा कोण, विचारतेय," नातू म्हणाला.

"तुमचे आजोबा," मेहुणा नम्रपणे म्हणाला. "ग्रँडफादर."

आजी बराच वेळ बोलली. नातू थांबत थांबत सांगत गेला. तिचे वडील पाच वर्षांचे असताना तुर्कांनी त्यांचं अख्खं गाव वाळवंटाकडे हाकललं. वाटेत घरचे सगळे गेले. कोणीतरी त्यांना सीरियातल्या अलेप्पोच्या अनाथाश्रमात पोचवलं. त्यांना फक्त स्वतःचं नाव आठवत होतं. आडनाव आश्रमाने दिलं. बापाचा चेहरा ते मरेपर्यंत आठवायचा प्रयत्न करत होते, आठवला नाही.

"ती म्हणतेय, माझ्या वडिलांना आयुष्यभर सापडला नाही तो बाप तुम्ही दुकानातून आणलात. तो घरी घेऊन जा. आणि अशी पत्रिका निघाली, तर ती लग्नाला येणार नाही."

मेहुण्याने कागद गुंडाळायला घेतला. तो वाईट माणूस नाही. पण त्याला त्या क्षणीही लाज कमी आणि अडचण जास्त वाटत होती. "मग पत्रिकेत काय छापायचं? आजोबा-पणजोबांची नावं लागतातच ना आपल्यात?"

मुलीने आजीला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही सांगा, काय लिहू?"

आजीने वडिलांचं नाव सांगितलं. नुसतं नाव, जे त्यांना आठवत होतं तेच.

"नुसतं? आडनाव नाही, काही नाही? लोक काय म्हणतील?"

"माझ्या आजोबांनाही नुसतंच नाव होतं," मी म्हणालो. "आडनाव माझ्या वडिलांनी शाळेत जाताना घेतलं. आपल्या बाजूलाही तसंच छाप."

नागपूरहून आत्याचा फोन आलाच. "अरे, हे काय, दोन्हीकडे अर्धीच नावं?" मी म्हटलं, आत्या, अर्धी नाहीत, तेवढीच होती. ती आठ दिवस रुसली, मग व्हिसाचं विचारू लागली.

कंपनीने एक पेनी परत केली नाही. वंशावळ 'ग्राहकाच्या समाधानासाठी' असते, असं उत्तर आलं. मेहुण्याने निम्मे माझ्याकडे मागितले. मी दिले नाहीत आणि देणारही नाही. नव्या दीडशे पत्रिकांचे एकशे बारा पौंड मी वेंब्लीच्या छापखानेवाल्याला दिले.